दिलेला शब्द

डोक्यावर मुकुट होता, समोर नाट्यगृह गच्च भरलेलं होतं, आणि वाक्यच गेलं. "मी तलवार उपसली नाही. विष कालवलं नाही. मी फक्त..." इथपर्यंत भाचा आला आणि पुढे सगळं कोरं.

नाटक एका सेनापतीचं. म्हातारा राजा खाली दरीत वेढला जातो, मदतीला हाका मारतो, आणि हा वर टेकडीवर फौज घेऊन जागचा हलत नाही. राजा मरतो. मुकुट याला मिळतो. शेवटच्या अंकात हा सिंहासनापाशी एकटाच उभा राहून कबुली देतो. त्या एका वाक्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढून यायचे.

ते वाक्य आजवर मामांचं होतं. नाटक कंपनीत त्यांना सगळेच मामा म्हणत. सख्खे मामा मात्र ते एकट्या भाच्याचे. आई गेल्यावर त्यांनीच त्याला घरी आणला, वाढवला, चेहऱ्याला पहिला रंगही त्यांनीच लावला. म्हणून मंडळी त्याला चिडवायची, की बाबा रे, अख्ख्या जगाला मामा बनव, पण मामांना बनवू नकोस. तोही हसायचा.

पण हातात भाला घेऊन पहारेकरी होऊन होऊन तो कंटाळला होता. जन्म असाच जाणार की काय, हे त्याला आतून खात होतं. विंगेत उभा राहून तो मामांचं काम ओठांतल्या ओठांत म्हणायचा. हे आपण जास्त चांगलं करू, असं त्याला वाटायचं. खरं सांगायचं तर ते अगदीच खोटं नव्हतं.

मग मामा विसरायला लागले. त्यांनी ते एकट्या भाच्याला सांगितलं. संहिता घेऊन विंगेत बस, मी अडलो की हळूच शब्द दे, मालकांच्या कानावर जाऊ देऊ नकोस, एवढंच म्हणाले. एवढं म्हणतानाही त्यांची मान वर होत नव्हती.

"शब्द दिला, मामा," भाचा म्हणाला, आणि त्या कोटीवर दोघंही हसले.

त्यानंतर कितीतरी वेळा मामा अडले आणि भाच्याने सावरून घेतलं. कुणाला पत्ता लागला नाही. मग एका दुपारच्या खेळाला मामा नेमके याच वाक्यावर येऊन थांबले. त्यांनी विंगेकडे पाहिलं. भाच्याचं बोट त्या ओळीवरच होतं. ओठ उघडायचाच काय तो अवकाश. ते उघडले नाहीत. गर्दीत हात सुटलेलं मूल आईला शोधतं तसे मामा बघत राहिले, आणि भाच्याने मान खाली घातली. मागच्या रांगेतून शिट्टी आली, हशा पिकला, शेवटी पडदा पाडावा लागला.

मालक तणतणत आत आले. भाच्याच्या हातातली संहिता बघून त्यांना काय ते कळलं. मग तू शब्द का नाही दिलास, असं त्यांनी त्याला खडसावलं. उत्तर मामांनीच दिलं.

"दिला होता त्याने. मलाच ऐकू आला नाही."

झालं. मामांचं काम गेलं, मुकुट भाच्याकडे आला. विंगेतली जागा तरी मला द्या, घरी बसून वेड लागेल, असं मामा मालकांना म्हणाले. मालकांनी दिली. भाच्याने आपल्या मनाची समजूत घातली. आपण काही वाईट केलं नाही. आपण तर काहीच केलं नाही.

ती समजूत आज दुपारपर्यंत टिकली. रंगपटात दाढी चिकटवता चिकटवता रंगभूषाकाराने सहज विषय काढला. हंगामाच्या सुरुवातीलाच मामांनी मालकांकडे याच्यासाठी शब्द टाकला होता म्हणे. माझं आता होत नाही, हंगाम संपला की मुकुट पोराच्या डोक्यावर ठेवा, आत्ता सांगू नका, उगाच हुरळून जाईल. नशीबवान आहेस, तो म्हणाला, मिळायचंच होतं ते जरा लवकर मिळालं. त्यानंतर भाच्याला आरशात बघवेना. स्वतःच्या घरात चोरी करून बसलो, असं त्याला वाटलं, आणि पडद्याची घंटा झाली.

आणि आता वाक्य गेलं होतं. विंगेत मामा स्टुलावर बसले होते, मांडीवर संहिता, नाकावर चष्मा. भाच्याने त्यांच्याकडे पाहिलं. बोलू नका मामा, असं तो मनात म्हणाला. शिट्टी वाजू दे, लोक हसू देत, पडदा पडू दे. निदान फिटंफाट तरी होईल. त्याला खरोखर तेच हवं होतं.

पण मामांनी क्षणाचाही वेळ लावला नाही. हलक्या, स्वच्छ आवाजात, त्याच्यापुरता, शब्द आला.

"गप्प."

भाच्याने डोक्यावरचा मुकुट काढला. प्रेक्षकांकडे पाठ करून तो विंगेकडे वळला.

"मी फक्त गप्प राहिलो, मामा."