कच्चा प्लाय

विष्णुपुरी धरणाच्या काठावर, घरापुढंच रामकिशन आपल्या फायबरच्या बोटीच्या तळाचा कुजलेला प्लाय बदलत होता. नवा प्लाय त्यानं उन्हात कडक वाळवला, पॉलिश पेपरनं घासला आणि रेझिन लावून चिकटवला. वर दगड ठेवले, तरी एक कोपरा उचलूनच येत होता.

"इकडं ये, ह्याच्यावर बस," पाण्याची घागर घेऊन चाललेल्या बायकोला त्यानं हाक मारली. "डब्यातलं उरलेलं रेझिन दगडासारखं झालं की उठ. तवर हलू नको."

सुमनबाई पहाटेपासून कुठं टेकली नव्हती. घागर ठेवून ती कोपऱ्यावर अंथरलेल्या प्लास्टिकवर बसली. बोटीच्या कडेला पाठ लागली, आणि थोड्याच वेळात तिची मान कलली.

ऊन उतरल्यावर घरातून सासूची हाक आली, "सुमन, चहा टाकून राहिलीस का न्हाई?"

सुमनबाई दचकून उठायला लागली.

"बस खाली!" रामकिशन तिच्यावर खेकसला आणि घराकडं तोंड करून ओरडला, "माय, तिला उठता येत न्हाई. प्लाय कच्चा हाय अजून. मी टाकतो चहा."

सुमनबाईनं डब्याकडं बघितलं. आतला ब्रश उभाच्या उभा रुतून बसला होता. डबा उलटा केला असता तरी थेंब पडला नसता.

"हाव," ती डोळे मिटत म्हणाली, "लईच कच्चा हाय."