जाळीच्या आत

“काढू नकोस, अजून वाजला नाही,” सासूबाई मच्छरदाणीबाहेरून म्हणाल्या.

सूनबाई तोंडात थर्मामीटर धरून गप्प बसून राहिली. तो वाजला. तिने आकडा पाहिला, डोळे चोळून पुन्हा पाहिला आणि जाळीला टेकवून सासूबाईंना दाखवला.

“नाही ना?”

“नाही.”

“नक्की?”

“आई, ताप नाही म्हणजे नाही!”

सासूबाईंनी हात जोडले. डॉक्टरांनी घातलेली मुदत आज संपत होती. संध्याकाळपर्यंत ताप आला नाही आणि रक्ताचा रिपोर्ट साफ आला, की सूनबाई सुटली.

ती विद्यापीठात डास पाळायची. हो, पाळायचीच. लोक मांजरं पाळतात, आमची ही डास पाळते, असं तिचा नवरा ज्याला त्याला सांगायचा आणि वर स्वतःच हसायचा. विभागाच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत घमेल्यांतून अळ्या वळवळायच्या आणि फळीवर जाळीचे पिंजरे असायचे. लाल चिठ्ठीच्या पिंजऱ्यात तापाचं रक्त पाजलेले डास होते. त्या तापावर औषध नव्हतं. “ह्यातला एक चावला तरी ताप चुकत नाही,” असं सूनबाई नव्या विद्यार्थ्यांना दम देऊन सांगायची.

तिच्या मॅडमनी त्या तापावर लस केली होती. केस काळे होते तेव्हा काम सुरू केलं, आता सगळे पिकले. लस टोचलेले उंदीर लाल पिंजऱ्यात सोडायचे, डासांना पोटभर चावू द्यायचं आणि मग वाट बघायची. उंदीर तगले तर लस खरी. सोबत बिनलशीचे उंदीरही सोडायचे असा नियम आहे, म्हणजे फरक कळतो. पण डासांच्या मागच्या तुकडीने असे उंदीर झाडून सगळे मारले होते. “मरणार हे ठाऊकच आहे, पुन्हा कशाला मुक्या जिवांचे हाल?” मॅडम म्हणाल्या. सूनबाईने पटकन मान डोलावली. मेलेले उंदीर उचलायचं काम तिचंच होतं ना.

तेच लसवाले उंदीर बाहेर काढताना पिंजऱ्याच्या कापडी बाहीची शिवण उसवली आणि डास तिच्या दंडावर तुटून पडले. झटकेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. पाच-सहा गांधी उठल्या. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला.

घरातला एखादा डास हिला चावून मग हिच्या लेकीला, छकुलीला, चावला तर? डॉक्टरांनी तिला मच्छरदाणीतून हलायचं नाही असं बजावलं. जेवण जाळीच्या फटीतून आत जायचं. आत उकाड्याने जीव नकोसा व्हायचा. छकुली बाहेरून जाळीला नाक लावून बसायची.

“आई, तू पिंजऱ्यात का?”

“आता डासांनी मला पाळलंय.”

छकुली हसली की सूनबाई तोंड फिरवून रडायची. ती मेली तर ह्या पोरीची वेणी कोण घालणार, एवढंच तिच्या डोक्यात फिरत राहायचं. नवरा मात्र दिवसभर थट्टा करायचा. मॅडमचा फोन आला की सूनबाई आधी उंदरांची खुशाली विचारायची.

“अगं आई, इथे स्वतःचा पत्ता नाही आणि हिला उंदरांची पडलीय!” तो म्हणायचा. भात रोज करपवायचा आणि रोज म्हणायचा, गॅसच खराब आहे.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. रिपोर्ट साफ. तापाचा मागमूससुद्धा नाही. आता काही भीती नाही.

गाठी सोडत न बसता सासूबाईंनी मच्छरदाणी ओढूनच काढली. छकुली थेट आईच्या गळ्यात पडली. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. थट्टेखोर नवरा जिन्यात जाऊन बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला. रडून झाल्यावर आत येऊन म्हणाला, “डासांनाही चव असते. ह्या बाईला चावून काही उपयोग नाही, हे कळलं त्यांना.”

“थांब, दाखवते तुला चव!” सूनबाई उशी फेकून म्हणाली. कितीतरी दिवसांनी घरात मोठ्याने हसणं झालं.

तेवढ्यात मॅडम आल्या. हातात केकचा खोका, चेहरा नुसता फुललेला. त्यांनी आधी सूनबाईला घट्ट मिठी मारली.

“तुला काही झालं असतं ना, तर ती लस मी गटारात ओतली असती.”

“उंदीर कसे आहेत?”

“त्यांचीही मुदत आजच संपली. सगळेच्या सगळे ठणठणीत! एकालाही ताप नाही. कुलगुरूंना सांगून आले, उद्या पत्रकारांना बोलावलंय. आता माणसांना टोचायची परवानगी मिळायला वेळ लागणार नाही. माझं आयुष्य कारणी लागलं गं.” बोलता बोलता त्यांना भरून आलं.

केक कापला. छकुलीने नाकाला क्रीम फासून घेतलं. सासूबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या आणि मॅडमच्या हातात कप देत म्हणाल्या,

“बाई, तुमचे उपकार कसे फेडू? एवढे डास चावूनही हिला साधी कणकण आली नाही. तुमची लस टोचलेली होती, म्हणून वाचली पोर.”

“नाही हो आई,” सूनबाई छकुलीचं नाक पुसत हसून म्हणाली, “मला कुठे टोचली होती? मी बिनलशीचीच. ती लस तर फक्त उंदरांना...”

तिने मॅडमकडे पाहिलं. मॅडम आधीपासूनच तिच्याकडे बघत होत्या.