लाल दोरा

पालेगावात पिल्लू नर की मादी, हे सगुणाबाईंनाच विचारायचे. पाच महिन्यांपूर्वी एका पिल्लाचा तुरा पाहून त्या म्हणाल्या, “ह्यो कोंबराच!” नातू झाला की हा कोंबडा गावदेवीला द्यायचा, म्हणून त्याच्या पायात लाल दोरा बांधला. त्याच दिवशी सुनेचं, किर्तीचं पोट न्याहाळलं. “ह्यो बी पोऱ्याच!” कोंबडा वाढला, पण आरवेना. “लाजतंय,” त्या म्हणाल्या. आज सकाळी त्याच्यावरचं टोपलं उचललं, तर खाली अंडं. टोपल्याखाली दुसरं कुणीच नव्हतं. सगुणाबाईंनी पुन्हा तुरा पाहिला, पाय पाहिले, अंडं हातात घेतलं. गरम होतं. दिवस भरलेली किर्ती दारातून म्हणाली, “आई, माझं पोट बघणारी नजर हीच ना?” सगुणाबाई गोंधळून एकदा अंड्याकडे, एकदा पोटाकडे बघत राहिल्या. मग वाकून त्यांनी दोरा सोडला. “काय बी होऊदे. देवीला नारल पन चालंल.”