शुभेच्छांच्या कुंड्या

तिसऱ्या मजल्यावर काचेच्या दाराबाहेर सहा कुंड्या होत्या. चार पांढऱ्या ऑर्किडच्या, एक रबराच्या झाडाची, एक बांबूची. प्रत्येकीवर लाल फीत: भाडेकरू कंपनीचं नाव आणि भरभराटीच्या शुभेच्छा. आत दिवे चालू होते, माणसं नव्हती.

"जेवायला गेलेत सगळे," इमारतीचे मालक ओक साहेब म्हणाले. "खालच्या हॉटेलातलं सूप लवकर संपतं हो."

ग्वाक मिरानने काचेतून आतल्या रिकाम्या खुर्च्या पाहिल्या. इमारतींवर कर्ज द्यायचं की नाही, हे ठरवण्यातच तिची उमेदीची वर्षं गेली होती. संध्याकाळी तिची सही झाली, की कोरियातल्या इंचॉन बंदराच्या मासळी बाजारातल्या बायकांनी पतसंस्थेत ठेवलेला पैसा ओक साहेबांच्या हाती पडणार होता. सगळे मजले खरंच भाड्याने गेलेत का, एवढंच तिला पाहायचं होतं. नव्या कार्यालयाला ओळखीपाळखीचे लोक कुंड्या पाठवतातच. कुंड्या दिसल्या की भाडेकरू आला, असं तिचे वरिष्ठ धरून चालत. मिरान मात्र घरच्या गॅलरीत स्वतः ऑर्किड वाढवायची.

ती वाकली. दाराजवळच्या ऑर्किडला एकाच दांड्यावर नऊ फुलं होती.

"यातलं एक घेऊ का?"

"घ्या की, मॅडम! पतसंस्थेनं आजवर नुसतं व्याज मागितलं. फूल पहिल्यांदाच मागतेय."

तिने सगळ्यात खालचं फूल नखाने खुडलं आणि रुमालात ठेवलं.

"आता सातवा मजला पाहू."

"पाहू की. पण आधी कॉफी. पाहुणीला कोरड्या तोंडानं वर नेलं, तर आमची आई स्वप्नात येऊन कान धरेल."

तळमजल्यावर त्यांनी कागदी पेल्यातली गोड कॉफी पाजली. मग आग्रहाने दुसरी. भिंतीपलीकडे काहीतरी घरघरत वर गेलं.

"सामानाची लिफ्ट बंद आहे म्हणालात ना?"

"बंदच आहे. मिस्त्री चालवून बघत असेल." ओक साहेबांचा फोन वाजला. त्यांनी तो पाहिला आणि तिचा पेला अर्धा असतानाच उठले. "चला, चला."

सातव्या मजल्यावर काचेच्या दाराबाहेर सहा कुंड्या होत्या. फितींवर दुसऱ्याच कंपनीचं नाव. आत दिवे चालू होते, माणसं नव्हती.

"हेही सूप प्यायला?"

"फार चांगलं असतं हो ते सूप."

मिरान दाराजवळच्या ऑर्किडपाशी वाकली. एकेका फुलावर बोट ठेवत तिने मोजलं.

फुलं आठ. सगळ्यात खाली एक तुटका देठ, अजून ओला.