चित्रातला चोर

शैलाबाईंनी चित्रकथेतले बोलण्याचे फुगे पांढऱ्या कागदाने झाकून टाकले होते. रविवारच्या पुरवणीत येतात तशी ती चित्रकथा त्यांनी स्वतःच काढलेली. फळ्यावर डकवून त्यांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, "यातला चोर कोण?"

चाळीस हात एकदम वर गेले. रामदास तर बाकावरच उभा राहिला. "तो काळा, बाई! उघडाबंब!"

"आन लुंगी हाय ना त्याची," केसरीनाथ म्हणाला.

निम्म्या वर्गाचे बाप लुंगी नेसूनच लूमवर शिफ्टला जात. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

बाईंनी एकेक कागद सोलला. चोर निघाला चष्मेवाला शेठ. तो काळा माणूस बिचारा ओरडून लोकांना गोळा करत होता. वर्ग खो खो हसला.

"मग तुम्ही त्याला का धरलंत?"

"सगळ्या चित्रांत चोर तसाच आसतो ना, बाई," रामदास म्हणाला. खोटं थोडंच बोलत होता तो.

हा धडा पुस्तकात नव्हता. बाई दरवर्षी तो घ्यायच्या, दरवर्षी वर्ग त्याच माणसाला धरून द्यायचा आणि दरवर्षी त्यांना एक जुनी चोरी आठवायची. सात वर्षांपूर्वी शाळेतला रेडिओ चोरीला गेला होता. पोलिसाने विचारलं तेव्हा बाईंनी सावळ्याचं नाव सांगितलं. हा सावळ्या वारली पाड्यावरून मोळ्या विकायला यायचा. बाईंनी पाहिली होती ती फक्त खिडकीतून उतरणारी एक उघडी, काळी पाठ. आठवड्याने सावळ्या कोठडीतून मार खाऊन सुटून आला, तो पुन्हा खोपटाबाहेर पडलाच नाही. पावसाआधी वारला. रेडिओ पुढे वडपे गावातल्या एका ठेकेदाराकडे सापडला. तो चांगला गोरापान होता.

आडनाव ऐकताच घरमालकाने खोली नाकारलेली बाई ती. निदान तिने तरी असं करायला नको होतं. हे त्या स्वतःला रोज ऐकवत. तरी ती पाठ काही त्यांना सोडत नव्हती. भर दुपारी, फळ्यावर लिहिता लिहिता मान वळवावी, तर खिडकीत उभी. चेहरा मात्र कधी दाखवत नसे.

यंदा सावळ्याची नात वर्गात आली होती. देवकी तिचं नाव. आज हे सगळं वर्गासमोर सांगून टाकायचं असं ठरवूनच बाई घरून निघाल्या होत्या. पण हात वर न करता बसलेली ती पोर पाहिली आणि त्यांची जीभच उचलेना.

"आता तुम्ही काढा," त्या भलतंच बोलून गेल्या. "एक चोर, एक साव आणि एक पोलीस."

पाट्या भरल्या. काळे चोर, मिशाळ चोर, लुंगीवाले चोर. शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं होतं. शेवटी त्या देवकीजवळ आल्या. पाड्यावर लग्नात बायका तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहितात, तशी माणसं तिने काढली होती. दोन त्रिकोण, काडीचे हातपाय, सगळी एकसारखी. तीन सांगितली होती, हिने चार काढली होती.

"यातला चोर कोण गं?"

"वळखू येत न्हाय, बाई. आमी सगली मानसं आशीच काढतो."

"मग पोलिसाला कसं कळायचं?"

देवकीने चौथ्या माणसावर बोट ठेवलं. त्याच्या डोक्यावर तेवढी अंबाड्याची गाठ होती. "त्यो हिला इचारल."

"ही कोण?"

"बाई."

रामदास खिदळला. "बाईंना काय म्हाईत!"

शैलाबाई तिच्या बाकावरच बसल्या.

"मला विचारलं होतं, देवकी," त्या म्हणाल्या. "तुझ्या आज्याचं नाव मी सांगितलं. तोंड न बघता."

देवकीने पाटी फ्रॉकला पुसली.

"म्हाईत हाय, बाई," ती म्हणाली.