न चुकलेली गोळी

“तुमच्या सरकारी गोळीनं माह्या दादाले संपवलं, मॅडम! जवाब द्या!”

राजकुमारचा आवाज अख्ख्या वॉर्डात घुमला. त्याच्यामागे धाड गावाहून आलेली सात-आठ माणसं उभी होती. दोघांनी मोबाइल वर धरले होते.

खाटेवर त्याचा मोठा भाऊ शेखर निपचित पडला होता. धाड-बुलढाणा जीप चालवणारा, चाळिशीचा गडी. पहाटे नाकातून रक्त सुरू झालं ते थांबेना. मग उलटीत रक्त. मग शुद्ध गेली.

चार महिन्यांपूर्वी त्याच्या पायाच्या शिरेत रक्ताची गाठ झाली होती. तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी. रोज एक.

डॉक्टर शैलजा मॅडमनी रिपोर्ट पुढे केला. “रक्त किती पातळ आहे त्याचा हा आकडा, दोन ते तीनच्या मध्ये पाहिजे. मागच्या महिन्यात अडीच होता. आज अकरा. रक्ताचं पाणी झालंय. गोळी कोण देतं?”

“मी,” शेखरची बायको काजल म्हणाली. “रात्री जेवल्यावर, एकच. एक दिस चुकवली नाही.” तिनं पिशवीतून पाकीट काढून दिलं. मॅडमनी उरलेल्या गोळ्या मोजल्या. बरोबर होत्या.

“दुसरं काही? अंगदुखीची गोळी, काढा, झाडपाला?”

“काहीच नाही,” राजकुमार मधेच बोलला. “विषय फिरवू नका. गरिबाच्या माथी कचरा मारता तुम्ही! पह्यलेपासून सांगून राह्यलो वहिनीले, सरकारी गोळीत दम नसते.”

“दम नसता तर एवढं रक्त गेलं असतं का, भाऊ?”

मागे कोणीतरी फिसकन हसलं. राजकुमारचं तोंड लाल झालं.

“मंग वहिनीनंच जास्त देल्ली असन! विचारा तिले!”

“भाऊजी, तोंड सांभाळा,” काजल म्हणाली. पण मोबाइल तिच्याकडे वळले होते.

“पोलिसाले फोन लावा बे,” गर्दीतून आवाज आला. काजल खाटेची दांडी धरून उभी राहिली. आतापर्यंत ती रडली नव्हती. आता तिनं पदर डोळ्यांना लावला.

“भांडू नका इथं,” मॅडम म्हणाल्या. “उतारा सुरू केलाय. पण डोक्यात रक्तस्राव झालाय, रात्र निघेल का सांगता येत नाही. याच्या पोटात काय गेलं ते मला कळलंच पाहिजे.”

तेवढ्यात दोघा भावांची आई, अन्नपूर्णाबाई, आली. जिना चढून तिला धाप लागली होती. तिनं शेखरच्या कपाळावर हात ठेवला. मग पदराची गाठ सोडली आणि राजकुमारकडे वळली.

“राजू, तू मेडिकलातून आणून देल्ली ती रक्त पातळ कऱ्याची भारी गोळी घरीच राह्यली होती. घेऊन आली मी. तीन हप्त्यांत एक सकाळ चुकवली नाही. चहात कुटून द्याची. तू म्हणला तसं काजललेबी कळू देल्लं नाही, शेखरलेबी नाही. आजची तेवढी राह्यली. आता बेशुद्धीत कशी देऊ याले?”