सगळ्यात कमी गोड

शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दर शुक्रवारी त्या रेस्टॉरंटमध्ये एकट्याच जेवायच्या. डॉक्टरांनी गोड, पाव, बटाटा सगळं बंद केलेलं. "अरे, यातली सगळ्यात कमी गोड वाइन कुठली?" त्या वेटरला विचारायच्या. मग तो टेबलाशी उभा राहून द्राक्षातली साखर कुठे जाते, ड्राय वाइन कशाला म्हणतात, हे रंगवून सांगायचा. बाई शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलवायच्या आणि आणखी एक शंका काढायच्या.

एका शुक्रवारी त्या बसतात न बसतात तोच त्याने पेला पुढे ठेवला. "तुमची ड्राय वाइन, बाई. पाव नको, बटाट्याऐवजी पालेभाजी. सगळं पाठ झालंय मला! आता दर वेळी विचारायचा त्रास नको तुम्हाला."

"शाबास," बाई म्हणाल्या.

तो खूश होऊन दुसऱ्या टेबलाकडे गेला. जेवण संपेपर्यंत बाईंशी कोणी बोललं नाही.

पुढच्या शुक्रवारी तो पेला घेऊन आला, तेव्हा बाईंनी हात आडवा धरला.

"आज गोड वाइन घेईन म्हणते."

"आणि डॉक्टर?"

"त्यांचं मी बघते. पण गोड वाइनमधलं मला काहीच कळत नाही रे. जरा नीट समजावून सांगशील?"